भरवशाची चटणी

मनिराम प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले. त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, हा रोग शिवू द्यायचा नाही, असं कलाबाईंनी पुण्यानुमोदनाच्या दिवशीच ठरवलं. आमगावजवळच्या त्या घरात कलाबाईंनी ठरवलं की ठरलं. शालिकरामांना विचारायची तिथं पद्धत नव्हती.

त्यांच्या लेकीनं, रश्मीनं, पेपरच्या पुरवणीतला लेख वाचून दाखवला. टमाटर, हळद, जवस यांतल्या गुणांनी हा धोका कदाचित कमी होत असावा, असं त्यात होतं. पण घरात कुणाला झाला असेल तर तपासणी वेळेवर करावी, असंही होतं. कलाबाईंनी वरचं तेवढं उचललं आणि खालचं सोडून दिलं. आपण सगळेच असंच ऐकतो. त्या साली धान उभा असतानाच बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, ओलीत त्यांनी नेहमीच्या लाखोळीच्या डाळीऐवजी जवस फेकला.

तेव्हापासून ताटात रोज जवसाची चटणी आणि शिजवलेलं टमाटर. शालिकराम मुकाट्यानं खात. तो रोग आता आमच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही, असं कलाबाई गावभर सांगत.

दुसऱ्या हंगामात एक नवल घडलं. जन्मात पाण्याचा गडवा स्वतः न भरलेला हा माणूस सकाळी उठून स्वतःचा पायजामा धुऊ लागला. नवरा म्हातारपणी सुधारला म्हणून शेजारच्या देवकाबाईनं चिडवलं, तेव्हा कलाबाईही हसल्या. त्या हसण्याची पुढं त्यांना फार लाज वाटली.

एकदा तो पायजामा गोठ्यामागं वाळत घातलेला दिसला. तिथं कपडे कोण वाळवतं? जवळ जाऊन पाहिलं तर रक्ताचा डाग पुरता निघाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला गोंदियाला नेलं.

तपासण्या झाल्या. रोग हाडांपर्यंत गेला होता. माझ्या खाऊ घालण्यात काय चुकलं, असं कलाबाईंनी विचारलं. खाण्यात काहीच वाईट नव्हतं, पण खाणं तपासणीची जागा घेत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आला असता तर, इतकं बोलून ते थांबले.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर कलाबाईंनी विचारलं.

"काऊन नाही सांगतलं मले?"

शालिकराम खाली बघत होते. "तू एवढ्या भरवशानं चटणी वाटून राहिली होती. तिनं काही झालं नाही, हे कोन्या तोंडानं सांगू?"

 घरी येऊन कलाबाईंनी जवसाचा डबा माळ्यावर टाकला आणि जेवायला नुसता वरणभात वाढला.

शालिकरामांनी ताटाकडं पाहिलं. "चटणी?"

"आता कायले?"

"आवडते मले."

ती त्यांना आवडते का, हे कलाबाईंनी इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी डबा खाली काढला आणि तवा चुलीवर ठेवला. जवस तडतडू लागला, तेव्हा कुठं त्या मोकळेपणी रडल्या.