बिनखुणेचे कान

ईस्टरच्या सुट्टीत उत्तरेकडच्या त्या बर्फाळ गावातली लग्नं, बारशी आणि रेनडियरच्या शर्यती सगळं एका दमात उरकून घेतात. एकदा का माणसं रेनडियरच्या कळपांमागे उन्हाळी चराईला किनाऱ्याकडे निघाली, की गावात उरतात ती कुत्री आणि म्हाताऱ्या. त्याच गर्दीत राव्नाचं चित्रांचं प्रदर्शन गावच्या सभागृहात लागलं होतं. शहरात तिची चित्रं हातोहात खपत. तिथल्या पाहुण्यांना पांढरा कोल्हा हवा असतो, आणि राव्ना तो झोपेतही रंगवू शकली असती. गावात मात्र हे पहिलंच प्रदर्शन, आणि खरं सांगायचं तर ते तिने एकाच माणसासाठी मांडलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा बाप, हेंदरात. कळप सोडून ती चित्रकला शिकायला गेली तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला होता, "चित्रातल्या जनावराचं मटण शिजत नाही." पुढे त्याने तिच्या एकाही चित्राकडे मान वळवून पाहिलं नाही. राव्नाला ते लागलं होतं, अजून लागत होतं.

मधल्या भिंतीवरचं मोठं चित्र तिने हिवाळाभर केलं होतं. ओल्या जलरंगावर मीठ भुरभुरवून उठवलेला बर्फ, त्यात अर्धी बुडालेली पांढरी रानकोंबडी, झुडपाआड टपून बसलेलं रानमांजर. मधोमध रेनडियरची मादी. तिच्या अंगाला कढवलेल्या कॉफीचा तपकिरी रंग, पायाशी खरोखरचं वाळलेलं दगडफूल चिकटवलेलं, आणि कान भूर्जाच्या सालीचे, कागदापासून सुटे, टवकारलेले.

शेजारचा निल्लास कॉफीचा पेला घेऊन चित्रासमोर उभा राहिला. पेल्यात तिकडच्या रिवाजाप्रमाणे चीजचे तुकडे तरंगत होते.

"जनावर झकास आहे. पण कुणाचं गं हे?"

"कुणाचंच नाही, निल्लासकाका. चित्र आहे."

"कुणाचंच नाही म्हणजे? कान तर कोरे दिसतायत!"

झालं! त्या मुलखात प्रत्येक मालकाची खूण वेगळी असते, आणि ती वासराच्या कानावर सुरीने कापतात. एकाची खूण दाखवली तर दुसऱ्याचं तोंड फुगेल, म्हणून राव्नाने मोठ्या शहाणपणाने कान अख्खेच ठेवले होते. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

"एवढी वाढलेली मादी, आणि खूण नाही?" बियेरा पुढे घुसला. निल्लासशी भांडल्याशिवाय त्याला कॉफी गोड लागत नसे. "ही आमच्या कुरणातली आहे. मागची टेकडी बघ की. आमचीच!"

"टेकडी तुझी असेल लेका, पण तिचं थोबाड बघ. आमच्याच कळपातलं आहे."

"थोबाड तर तुझ्यासारखं आहे, ते खरं."

लोक हसले. कुणी म्हणालं, बेवारशी जनावर सगळ्यांचं, भिंतीवरून काढा आणि शर्यतीत पळवा. केटली घेऊन फिरणारी गारेन ओरडली, "अरे बाबांनो, कागद आहे तो! चित्राला हात लावाल तर कॉफी बंद."

राव्ना हसत होती, पण जीव सारखा दाराकडे. कारण दारात हेंदरात उभा होता. कॉफीसाठी आलो, असा चेहरा करून.

तो सावकाश चित्रापाशी आला. निल्लास बाजूला झाला. म्हाताऱ्याने वाकून खूर पाहिले, दगडफूल पाहिलं, रानमांजराकडे रागाने पाहिलं.

"गाभण आहे," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"पोट बरोबर धरलंयस."

आणि मग त्याने कमरेची सुरी काढली. गारेनच्या हातातली केटली तशीच राहिली. म्हाताऱ्याने सालीचा एक कान दोन बोटांत अलगद धरला, टोकाला एक काप दिला, खाली एक छोटी खाच पाडली, मग दुसरा कान धरला. वासराला धरावं तसा. सालीचे कपटे जमिनीवर पडले.

निल्लास डोळे बारीक करून म्हणाला, "हेंदरात, ही तुझी खूण नव्हे रे."

"माझी नाहीच. राव्नाची आहे. बारशाला दिलेली."

राव्नाला आपली खूण नीट आठवतही नव्हती. "ती अजून आहे?"

"असायला काय झालं? दर उन्हाळ्यात कापतो की तुझ्या वासरांना."

"माझी वासरं?" आणि त्या भरात नको ते तिच्या तोंडून निसटलं. "किती आहेत माझी?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बियेराने तर डोक्यावरची टोपीच काढली. कुणाकडे किती जनावरं हे तिथे सख्ख्या भावालाही विचारत नाहीत.

"अगं, असलं चारचौघांत विचारतात होय?" म्हातारा कानापर्यंत लाल झाला. पण सुरी म्यानात घालता घालता त्याला हसू आवरेना. "उन्हाळ्यात ये आणि तुझी तू मोज. येताना रंगही घेऊन ये."