बहिऱ्यांच्या बाकावरचा आवाज

जुन्या मेथडिस्ट चर्चच्या दारात चपलांचा नुसता खच पडला होता. खाण बंद पडली, प्रार्थनेला येणारी माणसं पोटामागे पांगली, तेव्हापासून तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. आता मात्र आत शिरायला ही रेटारेटी! आवाजबाबांनी इमारत भाड्याने घेतली होती. पुढच्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यात बसलं की मेलेलं माणूस कानाशी बोलतं, अशी ख्याती झाली होती.

"आत्मा म्हणजे कंपन!" बाबा गरजत होते. "ते या पवित्र लाकडात मुरलंय. विज्ञान अजून तिथवर पोचायचंय, मी केव्हाच जाऊन आलोय!"

रांगेत बाई थोरल्या भावाला धरून उभ्या होत्या. बाई शाळेत इतिहास शिकवायच्या. दादा मधुमेही, इन्सुलिनवर जगणारा. गेल्या खेपेला त्या कोपऱ्यात त्याला आईचा आवाज आला होता : 'बाळा, सुया टोचून घेऊ नकोस. बाबांचा काढा घे.' दादाने इंजेक्शन बंद केलं. आज सकाळपासून त्याला ओकाऱ्या होत होत्या. डॉक्टर निक्षून म्हणाले होते, "आत्ताच्या आत्ता इंजेक्शन हवं. नाहीतर माणूस हातचा जाईल." दादा ऐकेना. "आईने सांगितलं तरच घेईन," हा एकच हेका. बाईंनी भरलेली सुई पर्समध्ये ठेवली, त्याला रिक्षात घातलं आणि इथे आणलं.

त्याला पहिल्यांदा इथे कोणी आणलं होतं? त्यांनीच. त्या विचाराने बाईंना मान वर करवेना.

दरवर्षी वर्गातली मुलं घेऊन त्या याच चर्चमध्ये यायच्या. "इथे मूर्ती नाही, चित्र नाही. हे ऐकण्याचं घर," त्या सांगायच्या. "म्हणून व्यासपीठ मधोमध आणि उंच, म्हणून तिन्ही बाजूंना गॅलऱ्या. खाणीतल्या सुरुंगांनी पुष्कळांचे कान गेलेले. त्यांच्यासाठी व्यासपीठापासून त्या कोपऱ्यापर्यंत जमिनीखालून पत्र्याची नळी." नळीतून कुजबुजून त्या मुलांना खिदळायला लावायच्या. आणि त्याच कोपऱ्यात 'माझी शाल वापरत जा गं' असं ऐकू आलं, तेव्हा त्याच बाई ढसाढसा रडल्या होत्या. रांगेत चहा देणाऱ्या बाबांच्या शिष्येला शालीची गोष्ट आपणच सांगितली, हेही त्यांना आठवलं नव्हतं. कुजबुज तर कुणाचीही सारखीच. बाकाखाली वाकून बघायचंच नव्हतं त्यांना. आई हवी होती.

दादा बाकावर टेकला. त्याचे ओठ सुकले होते. "आई, सुई घेऊ का?"

बाई झटकन खाली वाकल्या. बाकाखाली नवाकोरा काळा रंग दिलेलं नळीचं तोंड होतं. त्यांनी पर्समधली खेळाच्या तासाची शिट्टी त्यात धरली आणि जीव खाऊन फुंकली.

"मेलो! मेलो!"

व्यासपीठामागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि बाबांचा मेहुणा कान धरून बाहेर कोलमडला. खोलीत ओढून नेलेलं नळीचं दुसरं टोक सगळ्यांना दिसलं.

"कंपन जास्त झालं वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. बाबा घाम पुसत मागच्या दाराकडे सरकले. तिथे माणसं आधीच उभी होती.

दादा त्या टोकाकडे बघत राहिला. "तुला ठाऊक होती ही नळी?"

"होती."

"मग मला का आणलंस?"

बाईंचा चेहरा जळत होता. उत्तर त्यांनी त्याला दिलं, पण ऐकलं सगळ्यांनी. "मला आई हवी होती, दादा. लाज वाटते मला. मी शिकवते आणि मीच वाकून बघितलं नाही. तुम्ही तरी बघा. आवाज आला की तो कुठून येतो ते आधी शोधा. आपलं गेलेलं माणूस आपल्याला औषध सोडायला कशाला सांगेल?"

ज्या घरात शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचावा म्हणून एवढा खटाटोप केला होता, तिथे तो पोचला.

दादाने सदरा वर केला. "टोच," तो म्हणाला. "आणि चल दवाखान्यात. आई असती तर दोघांनाही झोडपलं असतं."