जावयाने धुतलेले कपडे

माईंना धुण्याचा भारी अभिमान. त्यांच्या दोरीवरचे पांढरे कपडे बघून बायका आपले कपडे गुपचूप मागच्या बाजूला वाळत घालत, इतकी त्यांच्या हाताची ख्याती. धुण्याचं मशीन त्यांनी उभ्या जन्मात घरात येऊ दिलं नव्हतं. "हात शाबूत आहेत तोवर त्या डबड्याचं काय काम?" एवढं म्हणून त्या विषय संपवत.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली : वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळ्यात साबणाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. मग लेक आली आणि माईंना आपल्या घरी घेऊन गेली.

लेक मोटारी दुरुस्त करायची. गॅरेजातली मंडळी तिला 'मिस्त्रीण' म्हणत, आणि ती हाक तिला आवडायची. जावई शिंपी. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं शिवणकाम चाले. लेक संध्याकाळी ग्रीसने माखून परतायची तेव्हा तिच्यात बोट उचलायचं त्राण नसायचं, म्हणून लग्नापासून धुणं जावयाकडे होतं. माईंना हे ऐकून ठाऊक होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपलेच कपडे न्यायला जावई दारात उभा राहिलेला बघणं वेगळं.

"माई, तुमचे कपडे द्या. आज पांढऱ्यांची पाळी."

"अहो, राहू द्या जावईबापू. मी खंगाळीन मागाहून."

"डॉक्टरीणबाई मला सोलून काढतील. लोकांचे कपडे दिवसभर हाताळतोच ना मी? त्यातलेच समजा."

माईंनी कपड्यांची टॉवेलात घट्ट वळकटी केली आणि तोंड दुसरीकडे फिरवून त्याच्या हातात दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मग काळजी लागली, की हा माणूस आपल्या कपड्यांचं काय करतो कोण जाणे, म्हणून त्या खुर्ची ओढून न्हाणीघराच्या दाराशी बसल्या.

बघता बघता त्यांची मान हलायला लागली. त्याने प्रत्येक खिसा उलटा करून झटकला. चेनी लावल्या, बटणं सोडली, रंगीत कपडे उलटे केले. लेकीच्या डांगऱ्या, म्हणजे गॅरेजात घालायचे जाड अंगभर कपडे, तर त्याने कशातच मिसळू दिल्या नाहीत. ग्रीसच्या डागांवर भांडी घासायचं लिक्विड लावलं, जुन्या ब्रशने हलक्या हाताने चोळलं आणि ते मुरेपर्यंत तो एक बाही शिवून आला. मशीन भरतानाही वर वीतभर जागा ठेवली.

"एवढी जागा वाया का घालवता?" माईंनी विचारलं.

"कपडे आत वर जाऊन खाली आपटले पाहिजेत, माई. कोंबून भरले तर नुसते एकमेकांना चिकटून फिरतात."

हे माईंना पटलं. आपटल्याशिवाय का कपडा निघतो? मात्र पुढे त्याने बाटलीच्या झाकणात जेमतेम अर्ध्यापर्यंत साबण ओतला, तो बघून त्यांचं मन खट्टू झालं. चिमणीला तरी पुरेल का एवढा! धुणं झाल्यावर त्याने दाराची रबरी कड पुसली आणि दार उघडंच ठेवलं, आत ओल राहिली तर कुबट वास धरतो म्हणून. तेही त्यांना आवडलं. पण साबणाचं काही केल्या पटेना. माणूस गुणी, हात मात्र आखडता, असा निकाल त्यांनी मनाशी देऊन टाकला.

माईंच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा पावडरचा डबा होता. त्याच्याशिवाय त्या कुठे जातच नसत. एकदा जावई गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेला. मशीन नुकतंच सुरू झालं होतं, आत लेकीच्या डांगऱ्या होत्या. माईंनी साबणाचा खण ओढला आणि चांगली ओंजळभर पावडर आत लोटली. थोड्याच वेळात काचेआड फेस मावेनासा झाला. "आता कसं!" म्हणून माई हरखल्या. खणातून बाहेर आलेला फेस त्यांनी फडक्याने टिपला. मशीन मध्येच थबकायचं, घुटमळायचं, पुन्हा फिरायचं. ते दमतंय असं त्यांना वाटलं. दमेना का, काम करतंय ना! पुढे संधी मिळेल तेव्हा त्या तेच करत राहिल्या.

आठवडा सरतो न सरतो तोच लेक जेवताना मान खाजवायला लागली. जावयाने घास खाली ठेवला, तिचं मनगट धरून दिव्यापुढे नेलं. कातडी लालबुंद झाली होती.

"परत आलं का गं?"

"परत म्हणजे?" माईंनी विचारलं.

"तुला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, आई," लेक म्हणाली. "मागे माझं सगळं अंग असंच उठलं होतं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. गॅरेज सोडायचं ठरवत होते मी. मग ह्यानेच शोधून काढलं. कपड्यात साबण राहायचा आणि वर घाम आला की चुरचुरायचं. आधी ह्याने कपडे मऊ करायचं वासाचं पाणी बंद केलं, मग पावडर सोडून लिक्विड आणलं, मग तेही कमी कमी करत नेलं, आणि शेवटी एक जादा पाणी काढायला लागला. आणि दर वेळी आधी स्वतः माझी डांगरी घालून शिवायला बसायचा, टोचतंय का बघायला."

"गिऱ्हाइकं विचारायची, शिंपीदादा, गाडी कुठे बंद पडली?" जावई म्हणाला. लेक खाजवता खाजवता हसली.

माई अर्ध्या ताटावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने धुऊन वाळलेल्या डांगऱ्या पुन्हा मशीनमध्ये टाकल्या. साबणाच्या बाटलीला हात लावला नाही. नुसतं पाणी सोडलं आणि काचेसमोर स्टूल घेऊन बसला. माईही येऊन बसल्या. डांगऱ्या दोनचारदा उलट्यासुलट्या झाल्या आणि काचेवर पांढरा फेस चढायला लागला.

"साबण तर टाकलाच नाही तुम्ही. मग फेस कुठून आला?"

"आतच होता, माई. कापडाच्या पोटात." त्याने डोकं खाजवलं. "माझंच माप चुकलं असणार. बाटली नवी आहे, जरा दाट असेल. माझंच लक्ष नव्हतं."

गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. पण हा मनुष्य आपल्या वाटणीचा दोष खुशाल स्वतःच्या डोक्यावर घेत होता, ते माईंना बघवेना. त्या उठल्या, खोलीतून डबा आणला आणि मशीनवर ठेवला.

"बाटलीला बोल लावू नका. हे माझं कर्तृत्व. तुम्ही घराबाहेर पडलात की ओंजळभर घालत होते."

जावयाने डब्याकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं. आता हा बोलणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"तरीच!" तो म्हणाला. "मी म्हणतो मशीन एवढा वेळ का घ्यायला लागलं? उघडूनच बघणार होतो ते."

"रागवा हो. माझ्या लेकीचं अंग सोललं माझ्या हाताने."

"तुम्ही तिचे कपडे स्वच्छ निघावेत म्हणूनच घातलीत ना?" त्याने डब्याचं झाकण उघडून चिमूटभर पावडर बोटांत चोळली. "चांगली आहे की. पण ही बादलीची. बादलीत फेस दिसतो, ओतून देता येतो. इथे पाणी थोडं. फेस झाला की कपडे त्याच्यावर गादीवर लोळावं तसे लोळतात. घासलेच जात नाहीत, आणि तो फेस निघतही नाही."

"आमचा जन्म फेस बघण्यात गेला हो," माई म्हणाल्या.

सकाळभर दोघं काचेसमोर होती. एक पाणी गेलं, दुसरं गेलं. तो मध्येच उठून टाके घालून येई, माई मात्र हलल्या नाहीत. फेस विरळ झाला, नुसते बुडबुडे उरले, आणि अखेर काचेआड निखळ पाणी दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याला हाक मारून बोलावून घेतलं. आयुष्यभर ज्या हातांचं कौतुक ऐकलं ते त्यांचेच होते. या माणसाचे हात, सुई टोचून टोचून खरबरीत झालेले, बायकोची डांगरी दोरीवर पसरताना कॉलर आतून गालाला लावून बघत होते. माईंना भरून आलं. डोळ्यांना जपायचं होतं म्हणून त्यांनी पदराऐवजी स्वच्छ रुमाल घेतला.

संध्याकाळी त्यांनी लेकीलाही सांगितलं. लेक "आई!" म्हणून ओरडली, मग पोट धरून हसली. चारसहा दिवसांत तिची मान निवळली. जावयाने मात्र माईंना कॉलरची पिवळट कड कशी काढायची ते विचारून घेतलं. साबणाची वडी फिरवून कपडा ओलाच उन्हात कसा ठेवायचा, वाळत घालण्याआधी कसा झटकायचा, हे त्या खुर्चीतून सांगत आणि तो करत राही.

अशाच एका दुपारी एक गिऱ्हाईकबाई कोट न्यायला आल्या. माई पुढच्या खोलीत बसल्या होत्या, आणि आतल्या दारातून जावई दोरीवर डांगऱ्या घालताना दिसत होता.

"अगबाई, शिंपीदादा, बायकोचे कपडे धुता?"

"धुतात," माईच म्हणाल्या. "माझेही धुतात. आणि बाई, धुणं मी पुष्कळ पाहिलंय, पण असं जीव लावून धुणारा माणूस पहिल्यांदाच पाहतेय."

बाई ओशाळल्या. कोट अंगाला लावून बघता बघता हळूच म्हणाल्या, "आमच्या मशीनमध्ये टॉवेल अगदी पापडासारखे कडक निघतात हो. काय करावं?"

जावई चिमटे हातात घेऊन दारात आला. "माईंना विचारा," म्हणाला, आणि पुन्हा दोरीकडे वळला.

माईंनी बाईंना खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या.

"आधी मला सांगा," त्या म्हणाल्या, "साबण मापाने टाकता, की मनाने?"