पन्नाशीच्या आतला माणूस

"काहून हलून राहिले जी? ओठाले लागन," प्रेमलता म्हणाली आणि जुन्या टूथब्रशने नवऱ्याच्या मिशीवर काळा रंग फिरवत राहिली. विश्वनाथ श्वास रोखून बसला.

एकसष्टाव्या वर्षी नवरदेवासारखं नटायची वेळ आली होती. नागपूरच्या इतवारीत तो ज्या दुकानात साड्या विकायचा, ते मालकाच्या पोरांनी बंद केलं. गिऱ्हाईक आता साडी मोबाइलवरच पाहतं म्हणे. तेव्हापासून प्रेमलता नंदनवन वस्तीत तीन घरी स्वयंपाकाला जायची. तिचे गुडघे पार गेले होते. ही नोकरी लागली तर निदान दोन घरं सुटली असती. त्याला दुसरं काही नको होतं.

दुकानातला जुना सोबती जितेंद्र साड्यांच्या एका नव्या शोरूममध्ये लागला होता. तिथे पन्नाशीच्या आतलेच घेतात, पण कागद नंतर पाहतात, आधी माणूस नजरेत भरला पाहिजे, असं त्यानं बजावलं होतं.

आणि विश्वनाथ भरला. मुलाखत घेणाऱ्या चारुशीला मॅडम जेमतेम पंचविशीच्या. त्यांनी पुढे टाकलेली पैठणी त्यानं अशी उलगडली, की शेजारच्या काउंटरवरच्या बायका सरकत आल्या. वय एकोणपन्नास सांगितलं, डोळा न लववता. दिवसभर उभं राहावं लागेल म्हटल्यावर हसला. उभ्यानंच तर जन्म गेला होता. उद्यापासून या, असं मॅडम म्हणणारच, तेवढ्यात त्यांचा पेन त्याच्या बुटांपाशी घरंगळला.

त्या उचलायला वाकल्या. आणि विश्वनाथचा मेला हात आपसूक उठून त्यांच्या डोक्यावर टेकला.

"सुखी राह्य, बेटा."

लग्नाकार्यात पोरी वाकत आल्या, हाताला तेवढंच ठाऊक. मॅडम तशाच थबकल्या. मग पेन राहिला बाजूला, त्यांनी खरोखरच त्याच्या पायांना हात लावला. उठल्या तेव्हा डोळे ओले होते. आतापर्यंत त्या सर म्हणत होत्या.

"काका, तुम्हाला इथे दिवसभर उभं ठेवलं तर मलाच पाप लागेल."

तो खूप बोलला. पाय शाबूत आहेत, हवं तर महिनाभर बिनपगारी ठेवा, असंही म्हणाला. जितकं बोलला तितक्या त्या हळव्या झाल्या. चिडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आल्या.

घरी प्रेमलता कामाला निघाली होती. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"काय म्हणल्या बाई?"

"पाया पडली माह्या."

भिंतीला हात टेकून तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली.