अतिशहाणी

कडीला नाक लावून कोल्हीण नुसतीच उभी राहिली. पेटीत मांसाचा तुकडा होता, वासही येत असणार. पण कडी आधी वर उचलून मग बाजूला सारायची, हे तिला काही केल्या सुचेना. एरवी ती हीच कडी चुटकीसरशी उघडायची. म्हणून तर रानात तिचा अभ्यास करणाऱ्या बाईने तिचं नाव अतिशहाणी ठेवलं होतं.

कोल्हीण पेटीकडून वळली आणि झुडपाआड बसलेल्या बाईकडे सरळ चालत आली. हातभर अंतरावर बसली. बाईने श्वास रोखून धरला. माणसाची चाहूल लागली तरी पसार होणारी ही बया आज आपण होऊन आली होती!

अभ्यासकेंद्रावर परतल्यावर बाईने आधी नवऱ्याला गाठलं. दोघांचं काम एकच: ती पेट्या लावायची, तो चित्रीकरण करायचा.

"अरे, माझ्याजवळ आली ती! कडी उघडेना म्हणून मदत मागायला आली. ओळखते रे मला."

नवरा कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता.

"छानच की. चालताना झोकांड्या जात होत्या का?"

"किंचित. का रे?"

"सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी तिने हेच हरखून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हात पुसता पुसता थांबल्या.

"ओळखबिळख काही नाही गं. तिची भीतीच गेलीय. पिसाळलेली नाही, पण रोग मेंदूत चढलाय. टेकडीपलीकडे कोल्हे मेले, त्यांच्यात हाच निघाला. कुत्र्यांकडून आलाय. मी तेव्हाच तुझ्या नवऱ्याला म्हटलं, इकडच्यांना लस टोचून घेऊ. तर म्हणाला, आम्ही दोघांनी नको ठरवलंय."

"आम्ही दोघांनी?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

तिने जाब विचारला तेव्हा नवऱ्याने काहीच नाकारलं नाही.

"आजारी जनावरं सगळ्यांनी पाहिलीत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण आजाराआधीची बुद्धी इतकी नीट तपासलेलं एकही नव्हतं. आधी काय विसरतात, मग काय, हे कळायची संधी पुन्हा कुठून आली असती?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लस टोचायला लावली असतीस."

केसाने गळा कापतात तो असाच, इतक्याच हळुवारपणे. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. रोज पेटी लावून कोल्हिणीची फजिती करणारे हात तिचेच होते.

दुपारी डॉक्टरीणबाई इंजेक्शन घेऊन आल्या. आता कोल्हिणीला हाल न होता जाऊ देणं, एवढंच उरलं होतं. कोल्हीण पाणवठ्याशी गोल गोल फिरत होती. बाई पुढे झाली आणि एकाएकी तिने जोरात टाळ्या वाजवल्या.

"पळ! हो ना चालती! पळ इथून!"

कोल्हिणीने कान टवकारले. लटपटत ती आवाजाच्या दिशेने आली आणि मटकन बसलेल्या बाईच्या मांडीवर तिने डोकं टेकलं. अंग तापाने फणफणलं होतं. डॉक्टरीणबाई सुई भरू लागल्या.

"थोडी बाजूला सरकतेस?" मागून, कॅमेऱ्याआडून, नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू, जनावर बिचकू नये असा. "तिचा चेहरा दिसत नाहीये."

ती सरकली नाही. पदर सोडून तिने तो कोल्हिणीच्या तोंडावर ओढून घेतला.