बुडाचा डाख

साखरखेर्ड्याच्या भर बाजारात रामराव देशमुखांनी तुपाचा डबा सुगराबीच्या पायाशी आदळला, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. "कथील खाल्लं हिनं! निरं शिसं भरलं! बूड गळून राह्यलं! चोर बाई, उठवा इची भट्टी!" आणि लोकांनी उठवली. मेंढरं सगळी! नवरा हबीब गेल्यावर डबे झाळण्यावरच तिचं पोट होतं.

मीही गप्प उभा होतो. नागपूरला शिकलेला, बुलढाण्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी, निवृत्ती मास्तर. लाज वाटायला हवी होती.

संध्याकाळी तीच डबा घेऊन दारात आली. "मास्तर, तुमच्या शाळेत बारीक दाखवाचं यंत्र हाय ना? पाहून सांगा, मी चोर हाव का."

डब्याला डाख, म्हणजे कथील-शिशाचा सांधा, दोन जागी होता, तोंडाशी आणि बुडाशी. दोन्हींचे तुकडे मी शाळेत नेले, घासून गुळगुळीत केले, पातळ तेजाबात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कथील आणि शिसं चोख मापात असलं की दोन्ही एकदमच गोठतात. कथलाचा एक पदर, शिशाचा एक, पुन्हा कथलाचा. कपाशीत तुरीची तासं असतात तसे. शिसं जास्त असतं तर त्याचे वेगळे ठिपके दिसले असते. एकही नव्हता. पण पदर तोंडाशी बारीक होते आणि बुडाशी जाड. डाख सावकाश निवला तरच पदर जाड होतात. म्हणजे बुडाचा डाख पुन्हा वितळला होता. डबा कोणीतरी विस्तवावर ठेवला होता!

मी तडक रामरावांकडे गेलो. ते हसले. "असीन. बाया ठेवतात तूप पातळ कराले. लाव म्हणा तिले भट्टी."

जसे काही उपकारच! सुगराबीनं भात्याला हात लावला नाही. "चोर बाजारात म्हटलं, मास्तर. शब्द बाजारातच मागं घ्या म्हणा."

रामराव कशाला येतात! पुढच्या बाजाराला त्यांची बायको आली, गोजरबाई. ती कधी बाजारात पाऊल टाकत नसे. डोईवरचा पदर सावरत ती सुगराबीच्या रिकाम्या जागेवर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "डबा म्याच आरावर ठेवला होता. इच्या डाखाले कोणी नाव ठेवू नका."

सुगराबी गर्दीतून पुढं आली. "मंग इतके दिवस काऊन गप राह्यली, बाई?"

"मी गप नोती," गोजरबाई म्हणाली. "आमच्या मालकायले त्याच दिवशी सांगतलं होतं, ते डबा घेऊन बाजारात याच्या आंधी."