स्टॅनलीनंतरचं नाव

"आ करा, आई," म्हणत कॅलिस्टाने चहात बुडवलेलं बिस्किट सासूच्या तोंडाशी धरलं. "लवकर. गळून पडेल."

कॉन्सोलाताने तोंड उघडलं. हात मांडीवर होते तसेच राहिले.

"इतकी वर्षं माझ्या पावाला नावं ठेवलीत. आता कशा गपगुमान खाताय! मला तर वाटतं हे सुतक संपूच नये."

"तो पाव नव्हता, दगड होता," म्हातारी घास गिळून म्हणाली. "आणि चहात साखर घालताना तुझा हात आखडतो, तो अजून तसाच आहे."

शेजारच्या खुर्चीतली टोपीवाली गोरी बाई मघापासून बघत होती. तिने वाकून हळूच विचारलं, "यांना झटका आला होता का?"

"नाही हो. थोरला भाऊ गेला यांचा. आमच्या बेटावर सुतकात स्वतःच्या हाताने खात नाहीत. सुनांनी भरवायचं."

"अरे देवा," बाई म्हणाली आणि ओशाळून समोर बघू लागली.

समोर डार्विन शहराचं युद्धस्मारक होतं. मागे समुद्र, पावसाळ्यातला, मातकट. रात्रभर कोसळून पाऊस आता दम खात होता. हिरवळीवर सैनिकांनी जुन्या तोफा मांडल्या होत्या. मांडवाखाली खुर्च्या भरल्या होत्या आणि मांडवाबाहेर, दोरीच्या पलीकडे, छत्र्या घेतलेली माणसं दाटीवाटीने उभी होती. याच दिवशी, फेब्रुवारीत, दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी या बंदरावर बाँब टाकले होते. आता सबंध ऑस्ट्रेलिया हा दिवस पाळतो.

कॉन्सोलाताचा भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा होता. बेटावरच्या ख्रिस्ती मिशनच्या होडीवर खलाशी. त्या सकाळी होडी डार्विनच्या धक्क्याला लागली होती. जहाजं फुटली, तेल पाण्यावर पसरलं आणि समुद्रच पेटला. हा पोरगा छोटी डोंगी घेऊन त्या आगीत शिरला आणि हाताला लागेल त्या माणसाला ओढून काठावर आणत राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ती कातडी मरेपर्यंत तुळतुळीत चमकत राहिली. पुढे त्याने जन्मभर बेटावरच्या लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलल्या.

दरवर्षी हा दिवस जवळ आला की तो सदरा घेऊन बहिणीकडे यायचा. ती मिशनच्या धुलाईघरात होती. पाद्र्यांच्या झग्यांना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला होता. "कॉलर नीट कर," तो म्हणायचा. मग विमानाने डार्विनला जाऊन दोरीच्या मागे उभा राहायचा. वाचवणाऱ्यांची, झुंजणाऱ्यांची नावं कर्ण्यावरून वाचली जायची, ती शेवटपर्यंत ऐकायचा आणि संध्याकाळी परत यायचा.

"नाव वाचलं का?" ती विचारायची.

"नाही. पुढच्या वर्षी वाचतील."

यंदा मात्र कार्यक्रमाच्या कमिटीतला लेस नावाचा माणूस स्वतः बेटावर आला. टोपी हातात धरून पडवीत बसला आणि म्हणाला, "या वर्षी वाचणार. पक्कं." पण भाऊ डिसेंबरातच गेला होता.

तिवी लोकांत, म्हणजे त्या बेटावरच्या माणसांत, कुणी गेलं की त्याचं नाव कुणी घेत नाही. पावसाळा सरतो, त्याच्यासाठी खांब कोरले जातात, ते रोवून नाच होतो आणि मग तो मोकळा होतो. तोवर नाव घेणं म्हणजे त्याला हाक मारणं. बेटावरच्या दुकानदाराचं नाव तेच होतं, तर लोक आता त्याला 'ए दुकान' म्हणत होते आणि तोही मुकाट ओ देत होता.

चुलतभाऊ बोनाव्हेंचर तर लेसच्या तोंडावरच ओरडला होता, "त्याचे खांब अजून रानात झाड होऊन उभे आहेत, आणि तुम्ही कर्ण्यावरून हाक मारणार? तो मागे वळेल. वळला की अडकला. मग खांब रोवून काय उपयोग?" आणि कॉन्सोलाताकडे वळून, "थोरली आता तू आहेस. काय ते तू बघ. काही झालं तर तुला विचारीन."

तिने लेसकडून शब्द घेतला होता. यादी लेसच वाचणार होता. "आडनावांच्या क्रमाने त्याच्या आधी स्टॅनली आहे," तो म्हणाला होता. "स्टॅनली वाचलं की मी गप्प राहीन. तुमच्या भावापुरता. मग पुढचं नाव. चालेल?"

चालेल, ती म्हणाली होती.

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. कॉन्सोलाता पोट धरून पुढे वाकली. डार्विनवर जाण्याआधी ती विमानं बेटावरूनच गेली होती आणि आठ वर्षांची ती चिखलात, खारफुटीच्या मुळांत तोंड खुपसून पडली होती. भोंगा थांबला तर तोफा सुरू झाल्या. कॅलिस्टाने तिचा दंड घट्ट धरला.

"खोट्या आहेत, आई. नुसता बार."

"कळतं मला. पोटाला कळत नाही."

धूर विरला. प्रार्थना झाली. मग एक उंच, ताठ म्हातारा मंचावर चढला. छातीवर पदकं. त्याने चष्मा लावला, कागद सरळ केला. एक नाव वाचलं. बाजूच्या घंटेवर एक टोल पडला.

"हा कोण?" कॉन्सोलाता म्हणाली. "लेस कुठाय?"

"बघून येते." कॅलिस्टा वाकत वाकत रांगेतून बाहेर पडली. नावं चालू होती. नाव, टोल. नाव, टोल. ती आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"लेस कालपासून इस्पितळात आहे, तापाने. हे आरमारातले कॅप्टन. निवृत्त झालेत. आयत्या वेळी यादी यांच्या हातात दिली."

"यांना सांगितलंय का?"

"कुणाला ठाऊक! मंचाजवळ पोलीस सोडत नाही. म्हणतो, कार्यक्रम संपल्यावर भेटा."

"संपल्यावर काय भेटू? कपाळ?" कॉन्सोलाता म्हणाली.

टोपीवाली बाई वळून बघू लागली.

कॅप्टनचा आवाज खणखणीत होता. एकेक अक्षर सुटं करून वाचत होता, अनोळखी नावंसुद्धा न अडखळता. पाण्यापलीकडे ऐकू जावं असा आवाज. त्या आवाजात भावाचं नाव कसं वाटेल, हे कॉन्सोलाताच्या मनात आलं आणि तिला धस्स झालं. कारण ते चांगलं वाटणार होतं. याचसाठी तो कडक कॉलर घालून दोरीमागे उभा राहत आला होता. ऐकू दे की एकदा. आपण नुसतं बसून राहायचं. बोनाव्हेंचरला सांगता येईल, कॅप्टनने वाचलं, मी काय करणार?

आणि मग तो वळेल. भाजलेले हात घेऊन, खांबाविना, दोरीच्या मागे आयुष्यभर घुटमळला तसा मेल्यावरही घुटमळत राहील. कुणीतरी पुन्हा हाक मारील म्हणून.

"रॉबर्ट्स." टोल. "सॉमर्स." टोल.

"आई, काय करायचं?"

"स्टॅनली," कॅप्टनने वाचलं.

कॉन्सोलाता उभी राहिली.

तिवी माणसाला एकेका नात्याचं दुःख अंगाच्या एकेका जागी होतं. भावाबहिणीचं पायात. भाऊ गेला की बहीण पाय धरून लंगडत नाचते. तिने उजवी मांडी हाताने पकडली, दुसऱ्या हाताने तीवर थाप मारली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने लंगडत निघाली. घशातून एक लांब हाक निघाली. तिच्यात नाव नव्हतं, शब्दही नव्हता. थाप, लंगड, थाप. घंटेवाल्याचा हात वरच राहिला. पोलीस पुढे झाला, पण रडत लंगडणाऱ्या म्हातारीला धरायचं कुठे हे न कळून बाजूला सरकला.

ती मंचापाशी पोचली. कॅप्टनने माईकवर तळहात ठेवला आणि खाली वाकला.

"बाई, काय झालं?"

"पुढचं नाव वाचू नका."

त्याने कागदाकडे पाहिलं. "का? चुकीचं छापलंय?"

"बरोबर आहे. म्हणूनच वाचू नका. माझा भाऊ आहे तो. आत्ताच गेलाय, अजून वाटेत आहे. हाक मारलीत तर मागे फिरेल."

"मला वाचायला दिलंय हे." म्हातारा अवघडला. "यांचं नाव फार उशिरा आलंय म्हणतात. नाही वाचलं तर लोकांना कळायचं कसं?"

"तो दरवर्षी तिथं उभा राहायचा." तिने मान वळवून दोरीकडे दाखवलं. "या बसलेल्यांनाही थोडं उभं राहू दे. पुरे."

कॅप्टन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माईकवरचा हात काढला.

"यानंतर एक जण आहे," तो म्हणाला. "त्याच्यासाठी आपण उभे राहू या."

मांडवभर खुर्च्या सरकल्या. कुणासाठी हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी सगळे उठले. मंत्री उठले, तोफांवरची पोरं ताठ झाली, टोपीवाल्या बाईने टोपी काढली. दोरीमागचे उभेच होते, त्यांनी छत्र्या मिटल्या. कॅप्टनने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि समुद्राकडे पाहत होता. बराच वेळ नुसत्या लाटाच ऐकू येत होत्या. मग त्याने घंटेवाल्याला खूण केली. एक टोल पडला. त्याने पुढचं नाव वाचलं.

कॉन्सोलाता मंचाच्या कडेला पायरीवर टेकली. तेवढ्यात पांढऱ्या-हिरव्या सदऱ्यातली प्रथमोपचाराची एक पोक्त बाई धापा टाकत आली आणि तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. मागून कॅलिस्टा धावत येत होती. "अहो, त्यांना काही..." ती सांगू लागली, तर सासूने नजरेनेच तिला थांबवलं.

"कुठं दुखतंय, आजी?"

कॉन्सोलाताने मांडीवर बोट ठेवलं. "इथं."

बाईने पेटी उघडली, पांढरी पट्टी काढली आणि गुडघ्याच्या वरून हलक्या हाताने गुंडाळायला सुरुवात केली. "फार घट्ट होतेय का?"

"नाही. होऊ दे घट्ट."

"कधी लागलं?"

"डिसेंबरात," कॉन्सोलाता म्हणाली, आणि पट्टीचा वेढा नीट बसावा म्हणून पाय थोडा पुढे केला.